कचरूअण्णांची दवंडी

आमच्या अपार्टमेंटमध्ये कोणाला मिरच्या भाजायच्या असल्या की आदल्या दिवशी दारोदार जाऊन सांगावं लागतं. हा नियम सोसायटीच्या कुठल्याही कागदावर नाही. तो कचरूअण्णा शेळक्यांनी घातला, आणि अण्णा जाऊन दोन उन्हाळे झाले तरी तो मोडायची कोणाची छाती होत नाही. परवाच पहिल्या मजल्यावरच्या नव्या सुनेनं माझं दार वाजवलं. "काका, उद्या सकाळी आमच्याकडे मिरच्या भाजायच्यात. ऐकलं का?" मी म्हणालो, "ऐकलं." तेवढ्यावर ती समाधानानं पुढच्या दाराकडे गेली. या मुलीनं अण्णांना कधी पाहिलेलंही नाही.

"ऐकलं" या शब्दाला अण्णांकडे पर्याय नव्हता. "हो", "बरं", "ठीक आहे" चालायचं नाही. मान डोलावलेली तर मुळीच नाही. "बरं काय, माणूस झोपंतबी म्हणतो," असं ते म्हणायचे आणि दारातच उभे राहायचे. उंच, काटकुळे, पायजमा घोट्याच्या वर, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटी वही. त्या वहीत प्रत्येक फ्लॅटचा नंबर असे आणि तुम्ही "ऐकलं" म्हणालात की नंबरापुढे बरोबरची खूण होई. टाकी धुणार, ऐकलं का. लिफ्टवाला येणार, ऐकलं का. माझ्या मेहुण्याला घोरायची सवय हाय आणि तो आठ दिवस राहणार हाय, ऐकलं का. सुरुवातीला मी या माणसावर मनापासून वैतागलो होतो. दिवसभर शाळेत पोरांना "ऐकलं का रे" विचारून घसा बसलेला, आणि घरी आलो की हेच मला कोणीतरी विचारतंय.

अण्णा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी गंगापूरकडच्या कालव्यावर गेली. निवृत्तीनंतर शहरात फ्लॅट घेतला, पण डोक्यातला कालवा काही आटला नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ते लोक टेल म्हणतात. पाणी द्यायचं ते आधी टेलला आणि मग मागे सरकत वरच्यांना, हा त्यांचा धर्म. "वरच्याला कसंबी मिळतंच. टेलवाल्याला दिलं तरच मिळतं." हा धर्म त्यांनी पुतणीच्या लग्नाच्या पंगतीतही पाळला. वाढपी बुंदी घेऊन निघाला, तर अण्णांनी त्याला हाताला धरून थेट मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, जिथे बँडवाले बसले होते, आणि तिथून उलटं वाढायला लावलं. पहिल्या पाटावर नवऱ्या मुलाचे मामा बसले होते. त्यांच्यापर्यंत बुंदी आली तेव्हा ती संपली होती. मामा उठून जायला निघाले, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, "पुढच्या पाळीत मिळंल." ते लग्न टिकलं, पण मामा त्या घरात पुन्हा जेवले नाहीत.

तर या माणसाच्या यकृतात गाठ निघाली.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. यकृत म्हणजे शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी, तांबूस-तपकिरी, पित्तरस तयार करते, दोन गुण. अठ्ठावीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं होतं आणि यकृताबद्दल आणखी काही माहीत असण्याची मला कधी गरज पडली नव्हती. अण्णांच्या यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग काढावा लागणार होता. गाठ अशा जागी होती की यकृतातलं रक्त बाहेर नेणारी शीरही कापून पुन्हा जोडावी लागणार होती. अण्णांनी दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी सगळी दारं घेतली. आमच्याकडे आले तेव्हा बायकोनं दार उघडलं.

"वहिनी, परवा माझं पोट फाडणार हायत. ऐकलं का?"

"अहो अण्णा, असं काय अभद्र बोलता? देव सगळं नीट करेल."

"त्यो करंल. तुम्ही ऐकलं का?"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा वही उघडून वाट बघत उभे. शेवटी ती पदर तोंडाला लावून "ऐकलं" म्हणाली, अण्णांनी खूण केली आणि समोरच्या आपल्या घरात गेले.

ऑपरेशन चांगलं झालं. अण्णा घरी आले, वरणभात खाऊ लागले, गॅलरीत बसून रस्त्यावर नळाचं पाणी सोडणाऱ्या व्हॉल्ववाल्याला सूचना देऊ लागले. महिनाभरानं त्यांचं पोट वाढायला लागलं. आधी आम्हाला वाटलं, माणूस सुधारतोय. मग पाय सुजले. हात काटकुळे तसेच राहिले, गाल बसले, आणि मधोमध पोट तेवढं रोज पुढे. दवाखान्यातून सांगितलं, पोटात पाणी होतंय, रोज पोटाचा घेर मोजून ठेवा.

रोज मोजून ठेवा, हे वाक्य अण्णांना सांगायला नको होतं. त्यांच्या बायकोला, कौसाकाकूंना, साड्यांना फॉल लावायच्या कामासाठी मोजायची फीत लागायची. ती फीत जप्त झाली. रोज सकाळी आठ वाजता काकू बेंबीवरून फीत फिरवायच्या, अण्णा आकडा मोठ्यानं म्हणायचे आणि मग हळूहळू जिना उतरून सोसायटीच्या सूचना फलकावर खडूनं लिहायचे: आजची पातळी ९६ सें.मी. आवक चालू. विसर्ग बंद.

आमच्या शहराला ही भाषा वेगळी शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात इथे माणूस माणसाला भेटला की तब्येत नंतर विचारतो, आधी धरण किती टक्के झालं ते विचारतो. आठवड्याच्या आत पैठणच्या धरणाबरोबर अण्णांचीही चौकशी सुरू झाली. दूधवाला विचारायचा, "अण्णा, आज किती टक्के?" अण्णा म्हणायचे, "त्र्याण्णव."

मला राहवलं नाही. "अण्णा, टक्के काढायला आधी पूर्ण क्षमता माहीत पाहिजे. तुमचं शंभर टक्के म्हणजे किती?"

"आमच्या थोरलीच्या वेळंला कौसाला आठवा महिना होता तवा मी फीत लावली होती. त्ये शंभर."

काकू डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून आत निघून गेल्या. आकडा मात्र त्यांनाही पाठ होता, असं माझ्या बायकोनं मला नंतर सांगितलं.

दवाखान्यात सुई घालून पाणी काढलं. अण्णांनी बाटल्या मोजल्या. आठ दिवसांत पोट पुन्हा तेवढंच. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. अण्णांचा चेहरा आता पिवळट दिसायला लागला होता, पण त्यांचा राग दुखण्यावर नव्हता. "उपशानं झरा बंद होतो व्हय, गुरुजी? पाणी कामून येतंय त्ये कोणी बघावं का नाय?" ते बघण्यासाठी त्यांना दाखल करून घेतलं, आणि तिथे त्यांना डॉक्टर समीना भेटली.

ही मुलगी सिल्लोडची. वडिलांचा मक्याचा व्यापार, आणि ती स्वतः शिरांतून बारीक तारा आणि नळ्या घालून काम करणारी डॉक्टर. वय तिशीच्या थोडं पुढे. तिनं सोनोग्राफी करून सांगितलं की यकृतात रक्त येणाऱ्या वाटा उत्तम आहेत, पण बाहेर नेणारी जी शीर जोडली होती ती जोडावर आवळली आहे. रक्त आत येतंय आणि बाहेर पडायला जागा नाही. त्यामुळे उरलेलं यकृत तुंबून सुजलंय आणि त्यातून पाणी पोटात पाझरतंय.

मी शेजारी बसलो होतो. मला ते सगळं समजायला दोन वेळा ऐकावं लागलं. अण्णा मात्र गादीवर उठून बसले. कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडावर तेज आलं.

"म्हंजी आवक चालू, विसर्ग बंद. मी फळ्यावर रोज हेच लिहीत होतो का नाय, गुरुजी?"

"अण्णा, सच बोलूं? हे समजावून सांगायला मला रोज पाऊण तास लागतो," समीना म्हणाली. "आता मी मानेतल्या शिरेतून एक तार खाली नेणार. आवळलेल्या जागी छोटा फुगा फुगवून वाट मोठी करणार, आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून जाळीची नळी ठेवणार. तिला स्टेंट म्हणतात. भूल फक्त मानेपुरती. तुम्ही जागेच राहाल."

"नकाशा दावा."

तिनं कागदावर काढून दाखवलं. अण्णांनी तो कागद परत दिला. हातानं काढलेल्या नकाशावर त्यांनी नोकरीत कधी काम केलं नव्हतं. मग मला फर्मान सुटलं, शाळेतला तक्ता आणा. मी दुसऱ्या दिवशी शाळेतून पचनसंस्थेचा तक्ता गुंडाळून रिक्षातून दवाखान्यात नेला. सलाईनच्या स्टँडला तो टांगला. अण्णांनी चष्मा लावला आणि बोटानं एकेक वाट बघत यकृतापर्यंत आले. तिथे त्यांचं बोट बराच वेळ फिरत राहिलं.

"गुरुजी, यात बाहेर जायची वाट कुठं हाय?"

मी बघितलं. नव्हती. तक्त्यावर यकृत होतं, पित्ताशय होतं, सगळं रंगीत होतं, पण यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा कोणी काढल्याच नव्हत्या. अठ्ठावीस वर्षं मी तो तक्ता लावत होतो.

"किती पोरांना शिकवलंत ह्ये?"

मी तक्ता स्टँडला सरळ करू लागलो. "कालव्याच्या कामात आसतात तर सस्पेंड झाला आसता," अण्णा म्हणाले. समीना खिडकीकडे तोंड करून हसत होती. मग तिनंच पेन घेतलं आणि शाळेच्या मालकीच्या तक्त्यावर तीन निळ्या शिरा काढल्या. मी तो तक्ता तसाच परत नेऊन लावला. अजून आहे.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. संमतीपत्र आलं. अण्णांनी पेनाचं टोपण काढलं, आणि सही करता करता विचारलं, "खाली कोन हाय?"

"कुठे खाली?"

"दार उघडल्यावर तुंबल्यालं समदं सुटणार. त्ये जाणार कुठं? खाली कोणतं गाव हाय?"

"हृदय आहे, अण्णा. ही शीर पुढे थेट हृदयाकडेच जाते."

"त्याला कळवलं का?"

समीनाला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. ती हसली. अण्णांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. खाली न कळवता दार उचलायचं नाही.

तिनं पुन्हा समजावलं. हृदयाची सोनोग्राफी झाली आहे, एकदम वाढलेलं रक्त झेपेल का ते आम्हीही आधी बघतोच, तुमचं हृदय चांगलं ठणठणीत आहे. अण्णांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "ही झाली स्थळपाहणी. ह्ये आम्हीबी करायचो. कळवलं का?" मोठे सर्जन आले. हृदयाचे डॉक्टर आले. प्रत्येकानं अण्णांना शरीरशास्त्र सांगितलं आणि अण्णांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. दवाखान्यात तो कोणालाही सुटला नाही. एका नर्सनं "हो, कळवलंय" अशी थाप मारून बघितली, तर अण्णांनी विचारलं, "ऐकलं म्हणालं का?"

दोन दिवस असे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी समीनानं मला आणि काकूंना बाहेर बोलावलं. आता ती हसत नव्हती. लघवी कमी झाली आहे, रिपोर्ट बिघडताहेत. मुळात यकृत थोडंच उरलंय आणि ते असंच तुंबून राहिलं तर ते मरेल, आणि मग नळी घालूनही उपयोग नाही. उद्या सकाळी झालं पाहिजे. "काकू, तुम्ही सही करू शकता. पण ते शुद्धीवर आहेत, नको म्हणतायत, मी त्यांना जबरदस्तीनं टेबलावर नाही घेऊ शकत."

मी तावातावानं आत गेलो. माझा पारा चढला होता आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. "अण्णा, हृदय म्हणजे स्नायू आहे. त्याला कान नसतात. दुसऱ्यानं हे ऐकलं तर तुम्हाला वेड्यात काढेल. काकूंकडे तरी बघा." अण्णांनी डोळे मिटून घेतले. पोट चादरीखाली एवढं वर आलेलं की मला त्यांचे पाय दिसत नव्हते. मी बाहेर येऊन बाकावर बसलो.

काकू शेजारी बसल्या. म्हणाल्या, "त्यांच्यावर चिडू नका, गुरुजी. ती मथाबाईची गोष्ट हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. अण्णा नोकरीला नवे असताना एकदा कालव्याचं जादा पाणी ओढ्यात सोडायचं होतं. नियमाप्रमाणे खालच्या वस्तीला नोटीस गेली, सरपंचाची सही आली, कागद फाइलला लागला. त्या दिवशी वस्ती सगळी बाजाराला गेलेली. अण्णांनी दार उचललं. ओढ्याच्या पात्रात मथाबाई नावाची एक म्हातारी एकटीच गोधड्या धूत बसली होती. ती एका खडकावर चढली. गोधड्या वाहून गेल्या. दार उचलायला सोपं आणि उतरवायला वेळखाऊ, त्यामुळे पाणी कमी व्हायला तिन्हीसांज झाली. तेवढा वेळ ती खडकावर आणि अण्णा काठावर. दोघं एकमेकांकडे बघत बसले होते. ती उतरून आल्यावर अण्णांनी घाबरून खिशातला कागद काढून दाखवला, नोटीस दिली होती म्हणून. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "सही कोनाची?" अण्णा म्हणाले, "सरपंचाची." ती म्हणाली, "मंग सरपंचाला बसवायचं व्हतं खडकावर."

"तवापासून ह्ये सुरू झालं बघा," काकू म्हणाल्या. "मथाबाई होती तवर दर पाळीला सायकलनं तिच्या दारात जायचे. ती मुद्दाम लवकर बोलायची न्हाई. भाकरी थापत बसायची. ती ऐकलं म्हणली की मग ह्ये दार उचलायचे."

मी हे समीनाला सांगितलं. मला वाटलं, आता ही पण कपाळाला हात लावेल. ती उठली आणि माझ्यापुढे चालत वॉर्डात गेली. गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, अण्णांच्या कानांत घातला, आणि त्याची चकती अण्णांच्याच छातीवर ठेवली.

"घ्या अण्णा. गाव तुमचं आहे, दवंडी तुम्हीच द्या."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला हात दिला, मी त्यांना बसतं केलं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. घसा साफ केला. आणि सरकारी आवाजात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "कळवण्यात येते की, उद्या सकाळी साडेनऊ वाजता वरचं दार उघडण्यात येणार हाय. पाणी एकदम वाढंल. आपली गुरंढोरं, भांडीकुंडी, धुणं, समदं काठावर घ्यावं. नंतर तक्रार चालणार नाय." शेजारच्या खाटेवरचा माणूस मोबाईलवर बोलत होता, त्याच्या बायकोनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. अण्णांनी चकती छातीवर आणखी दाबली आणि आवाज खाली आणून विचारलं, "ऐकलं का?"

काकू दारात पदराचं टोक दातांत धरून उभ्या होत्या. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. बराच वेळ गेला.

"काय म्हणतंय?" समीनानं विचारलं.

"लई धडधडतंय."

"मग?"

"घाबरलंय. म्हंजी ऐकलं," अण्णा म्हणाले आणि पेन काढून त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊ म्हणजे साडेनऊला काम सुरू झालं. आत काय झालं ते समीनानं नंतर सांगितलं. तार आवळलेल्या जागेपाशी गेल्यावर ती नेहमीप्रमाणे दोन्हीकडचा दाब मोजत होती, यकृताच्या बाजूचा आणि हृदयाच्या बाजूचा. अण्णा जागे. चादरीखालून आवाज आला, "वरचा गेज किती? खालचा किती?" तिनं सांगितलं. वरचा खालच्याच्या तिप्पट होता. "मग तुंबणार न्हाई तर काय," चादर म्हणाली. फुगा फुगवला, जाळीची नळी बसवली, पुन्हा दाब मोजला. आता दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखे. समीनाच्या मदतनिसानं सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "खाली काय नुकसान?" हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या पडद्यावर सगळं ठीक होतं. "काही नाही, अण्णा," ती म्हणाली. मग मात्र अण्णांना टेबलावरच झोप लागली.

तिसऱ्या दिवशी काकूंचा मला फोन आला. आवाज रडका होता, मी घाबरलो. "गुरुजी, ह्ये म्हणतायत खाली जाऊन फळ्यावर लिवा. विसर्ग चालू." मी बनियनवरच खाली गेलो आणि लिहिलं. रोज लिहीत होतो. चौऱ्याण्णव, नव्वद, सत्याऐंशी. चौथ्या मजल्यावरच्यांनी पेढे आणले. एकानं सुचवलं की धरण भरल्यावर करतात तसं अण्णांचं जलपूजन करू, नारळ वाहू. अण्णांनी फोनवरून ते हाणून पाडलं. पूजन भरल्यावर असतं, रिकामं झाल्यावर नसतं, एवढी अक्कल सोसायटीत कोणाला नाही का, असं त्यांनी विचारलं. महिन्याभरानं ते स्वतः जिना उतरून आले, फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि पातळीच्या पुढे लिहिलं, निरंक.

त्या नळीवर अण्णा दोन वर्षं जगले आणि चांगले जगले. रक्त पातळ राहायच्या गोळ्या, दर काही महिन्यांनी सोनोग्राफी. समीना "तब्येत कशी" असं विचारायची नाही, "विसर्ग?" विचारायची आणि अण्णा "चालू" म्हणायचे. एक नवी सवय तेवढी लागली. झणझणीत रस्सा ताटात पडला की पहिल्या घासाच्या आधी छातीवर हात ठेवून ते हळूच काहीतरी पुटपुटायचे आणि क्षणभर थांबायचे. परक्या माणसाला वाटायचं, माणूस मोठा भाविक आहे.

मग गाठ पुन्हा निघाली. या वेळी फुप्फुसात, आणि एक नव्हे. अण्णांनी सगळे रिपोर्ट मला वाचून दाखवायला लावले, त्यात नळीबद्दलची ओळ दोनदा. "दार शाबूत हाय, गुरुजी," ते म्हणाले. "पोरीच्या कामात खोट नाय. वरचं धरणच गाळानं भरलं, त्याला ती काय करणार." पुढचे उपचार काय होते आणि त्यांनी काय साधणार होतं, ते समीनानं त्यांना खरं खरं सांगितलं. अण्णांनी गंगापूरकडे, गावी जायचं ठरवलं.

ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी वही घेतली. मागे कौसाकाकू, काकूंच्या हातात प्लास्टिकचं स्टूल. प्रत्येक दाराशी स्टूल ठेवायचं, अण्णांनी दम खायचा, मग उठून उभं राहायचं आणि सांगायचं. बसून सांगितलेलं त्यांना चालायचं नाही. सुरुवात टेलपासून, म्हणजे तळमजल्याच्या शेवटच्या फ्लॅटपासून. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. प्रत्येक दारात तोच गोंधळ. कोणी म्हणे या बसा, कोणी म्हणे पुढच्या महिन्यात येणारच की तुम्ही, कोणी नुसतंच रडे. माझ्या लक्षात आलं की कोणीही पटकन "ऐकलं" म्हणत नाहीये. कोणी कोणाशी न बोलता सगळ्या बिल्डिंगनं एकच लबाडी चालवली होती. ऐकलं म्हटल्याशिवाय हा माणूस दार उचलत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त तळमजल्यावरच्या जोशी आजोबांनी लगेच "ऐकलं" म्हटलं, कारण त्यांना ऐकू येत नाही.

आम्ही त्यांच्या समोर राहायचो. म्हणून आमचा नंबर शेवटचा.

ते आले तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. स्टूलवर बसले, दम खाल्ला, उठले. वही उघडली. माझा नंबर सोडून सगळीकडे खुणा झाल्या होत्या.

"गुरुजी, मी गावाला चाललो. परत येणार नाय. ऐकलं का?"

"चहा टाकलाय, अण्णा," मी म्हणालो.

"नको. ऐकलं का?"

"तक्ता आणायचा राहिलाय बघा शाळेतून. तो तुम्हाला एकदा दाखवायचा होता. पोरं त्या निळ्या शिरांबद्दल विचारतात."

"गुरुजी."

मी चौकटीला धरून उभा राहिलो. खाली गाडीनं हॉर्न दिला. बायको माझ्या मागे उभी होती, तीही बोलेना. अण्णांचे पाय कापत होते, पण पेन वहीवर टेकवलेलं होतं आणि ते मथाबाईच्या दारात उभे असावेत तसे निवांत उभे होते.

"सांगून टाका, गुरुजी," काकू म्हणाल्या. "त्यांना उभं राहवंना."

"ऐकलं, अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी खूण केली, वही मिटली, पेन खिशाला लावलं. स्टूल काकूंना उचलू दिलं. जिन्याच्या पहिल्या पायरीशी गेले आणि तिथे थांबले. कठड्याला एक हात, दुसरा छातीवर. मान खाली घालून त्यांनी तिथेही तेच विचारलं असावं, कारण ते बराच वेळ वाट बघत उभे राहिले, आणि मग उतरायला लागले.